आईच्या रकान्यातलं नाव

यमुनाबाई गेल्याची बातमी मला सफियानं आमच्या कचेरीच्या जिन्यात सांगितली. दुपारचे तीन वाजले असतील. 'खाली एक बाई उभी आहे, वर यायला तयार नाही,' असं शिपाई सांगून गेला, म्हणून मी मशीनवरचा कागद तसाच ठेवून खाली उतरले. सफिया लालबागहून फोर्टपर्यंत चालत आली होती. पायांत चपला नव्हत्या. "शालूबाई," ती म्हणाली, "अपनी बाई गयी. सकाळी चाय मागितली, मी घेऊन आली तर... ठंडी." एवढं बोलून ती पायरीवरच बसली आणि तिच्या मलायी भाषेत स्वतःशीच काहीतरी बोलत राहिली. मी तिच्या शेजारी बसायला हवं होतं. मी तिला थांबायला सांगून वर गेले आणि अर्धवट राहिलेला कागद पूर्ण टाईप केला, कारण आमच्या सॉलिसिटर साहेबांना तो चारच्या आत हवा होता. त्या कागदात माझी एकही चूक झाली नाही. आज सहा आठवडे झाले, मला त्या बिनचूक कागदाची लाज वाटते आहे...

ट्रामनं लालबागला पोचलो तेव्हा चाळीच्या गॅलऱ्यांतून दिव्यांच्या माळा अजून लटकत होत्या. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि माळा उतरवायला कोणाला सवड झाली नव्हती. दुसऱ्या माळ्यावरच्या त्या खोलीत यमुनाबाईंना चटईवर निजवलं होतं. पाय सुजलेले, तोंड मात्र दुपारी जरा डोळा लागावा तसं. शेजारणी होत्या, नायगावच्या पाच-सहा बौद्ध बाया होत्या, आणि रविवारी यमुनाबाईंकडे जमणाऱ्या आमच्या परदेशी बायका भिंतीला टेकून ओळीनं बसल्या होत्या. कोणी रडत नव्हतं. मेलेल्या माणसाजवळ मोठ्यानं रडायचं की नाही, हे इथल्या रीतीनं काय असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायचं कोणाला, तर जिला विचारत आल्या तीच समोर निजली होती.

यमुनाबाई साळवी मूळच्या कुडाळकडच्या. नवरा गिरणीत होता, तो लग्नानंतर चारच वर्षांनी गेला. मूलबाळ नाही. त्यांनी परळच्या एका प्रसूतिगृहात आधी आया म्हणून आणि मग शिकून परिचारिका म्हणून वीसेक वर्षं काढली. माझी त्यांची गाठ पडली ती मी चोवीस वर्षांची असताना. एका रविवारी सकाळी त्या आमच्या गिरगावातल्या बिऱ्हाडी उभ्या राहिल्या. काखेत कापडी पिशवी, पदर खोचलेला. "इंग्रजीत अर्ज लिवणारी पोरगी हयच ऱ्हवता ना गो?" मी म्हटलं, मीच ती, अर्ज कोणाला लिहायचाय? "सरकाराक." आईनं चहा ठेवला. चहा होईपर्यंत त्यांची नजर माझ्या वहिनीवर होती. वहिनीला आठवा महिना होता. कप हातात घेता घेता त्यांनी आईला सांगितलं, "सूनबाईचं मूल आडवं आहे. ह्या आठवड्यात दाखवून घ्या. उगाच थांबू नका." आईला राग आला होता, पण दाखवलं, आणि मूल खरंच आडवं निघालं. त्या दिवसापासून आमच्या घरात यमुनाबाईंच्या शब्दाला मान होता, आणि मला रविवारी लालबागला जायला कोणी अडवलं नाही.

रविवारी दुपारी त्यांच्या खोलीत आठ-नऊ बायका जमत. कोणी ब्रह्मदेशची, कोणी मलायाची, एक सिलोनची. आपल्या कोकणातली माणसं बोटीवर, रेल्वेत, गोदीत कामाला म्हणून तिकडे गेली, तिथं त्यांनी संसार मांडले, आणि युद्ध आलं तसं त्यातली काही जण बायकोसह इकडे पळून आली. इथं पोचल्यावर कळायचं, की गावी एक बायको आहेच. मग ही दुसरी स्वयंपाकघरात ढकलली जायची, नाहीतर रस्त्यावर. सफियाचा नवरा खलाशी. तो एकदा बोटीवर गेला तो परतलाच नाही. त्या प्रसूतिगृहात युद्धाच्या वर्षी अशा बायका बाळंतपणाला आल्या, तेव्हा त्यांचं बोलणं कोणाला कळेना. यमुनाबाईंनाही कळत नव्हतं, पण त्या हात धरून बसायच्या. पुढे त्याच बायका पोरं घेऊन त्यांच्या खोलीवर येऊ लागल्या. त्यांना मराठी शिकवायला यमुनाबाईंनी कोणतं पुस्तक घेतलं नाही. पहिली तीन वाक्यं त्यांनीच ठरवली होती. "मला दुखतंय." "किती दिवस लागतील?" आणि तिसरं, "सही करणार नाही, आधी वाचून दाखवा." आठ जणींच्या आठ उच्चारांत ते तिसरं वाक्य त्या खोलीत घुमायचं, आणि खालच्या माळ्यावरची पोरं नकला करायची. बायका हसायच्या. मग यमुनाबाई म्हणायच्या, "हसा, पण पाठ करा."

त्यांच्यात मा सेन होती. ब्रह्मदेशची. ती रंगूनमध्ये चिरूट वळायची. तिचा नवरा तिथं एका भातगिरणीत मुकादम होता. जपानी बॉम्ब पडू लागले तेव्हा ती दोघं डोंगरातल्या वाटेनं चालत निघाली. कडेवर वर्षाचा मुलगा होता, तो वाटेतच गेला. पोटात दुसरं मूल घेऊन ती मुंबईला पोचली. नवऱ्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. घरात तिला ज्या मराठी नावानं हाक मारायचे तेही लिहिणार नाही. नवऱ्याची थोरली बायको इथंच गिरणगावात एका चाळीत होती, आणि तिला मूल नव्हतं. मा सेन त्या घरात धुणी-भांडी करी, मोरीजवळ निजे. तिला आवडायचं ते एकच, सुका जवळा मिरचीबरोबर खरपूस भाजून पाट्यावर वाटायचा. "आमच्याकडे असाच वास," ती म्हणायची. सुक्या मासळीच्या वासाला गिरणगावात कोण नाक मुरडणार? मुंबईत तिला परकं न म्हणणारी ही एक गोष्ट होती.

परदेशी लोकांच्या नोंदणीचे नवे नियम आले तेव्हा एक हवालदार त्या चाळीत आला आणि मा सेनच्या हातात कागद देऊन गेला. ठरावीक तारखेच्या आत कचेरीत अर्ज करा, भारतीय माणसाची बायको असाल तर तसा पुरावा द्या, नाहीतर देश सोडा. नवऱ्यानं तोंड फिरवलं. "कामाला ठेवलेली बाई आहे. माझा काय संबंध?" तो तोवर मोठा माणूस झाला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून बोलायचा, चाळीतल्या सत्याग्रहींची यादी त्याच्याकडे असायची. यमुनाबाई स्वतःही सत्याग्रहात आठवडाभर तुरुंगात जाऊन आल्या होत्या, त्यामुळे ह्या मंडळींत त्यांचं जाणं-येणं होतं. त्या चाळीच्या समितीकडे गेल्या. मी बरोबर होते. समितीतला एक वयस्कर कार्यकर्ता त्यांना म्हणाला, "यमुनाबाई, तुमचं खरं आहे. पण वेळ बघा. आज-उद्या त्या माणसाला पकडतील. अशा वेळी त्याच्या घराची अब्रू चव्हाट्यावर आणायची?"

"आणि ही बाई? तिकाही पकडूकच येतले."

"ती परकी आहे, बाई. आधी मुंबई मिळू दे. मग बायकांचं बघू."

यमुनाबाई उठल्या. "तेरा वर्षं ह्याच चाळीची मोरी घासता ती. मुंबई आमची, मुंबई आमची म्हणून मीही बोंबललंय तुमच्याबरोबर. आता आमची म्हणजे कोणाकोणाची, ता एकदा लिवन काढा आणि मगे माका सांगा." त्या वयस्कर माणसानं मान खाली घातली, एवढं मला आठवतं.

अर्जाची शेवटची तारीख नेमकी गोळीबाराच्या दिवसांत आली. मी गिरगावात कर्फ्यूत अडकले होते. यमुनाबाई आणि मा सेन सकाळीच लालबागहून पायी निघाल्या, अर्ज पिशवीत. ट्राम बंद, बस बंद. भायखळ्याच्या अलीकडे अश्रुधूर आला, मग गोळ्यांचे आवाज. मा सेन फुटपाथवर कानांवर हात घेऊन बसली ती उठेना. तिला रंगून दिसत होतं. तेवढ्यात एका इमारतीतून कोणीतरी ओरडलं, 'नर्सबाई, इकडे या!' जिन्याखाली एक गिरणी कामगार पडला होता, मांडीतून रक्त चाललं होतं. यमुनाबाई त्या जखमेवर दोन्ही हात दाबून तीन तास बसल्या. इस्पितळात न्यायला गाडी मिळाली नाही. तो त्यांच्या हाताखालीच गेला. उठल्या तेव्हा कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती. पुढे कर्फ्यू उठल्यावर त्या तोच अर्ज घेऊन गेल्या तर कारकून म्हणाला, "तारीख गेली." "साहेब, बाहेर गोळ्या चालू होत्या." "मग तसं अर्जात लिहा." तो कुचेष्टा करत नव्हता. नियमाप्रमाणे बोलत होता. मी तसं इंग्रजीत लिहून दिलं, आणि तो अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर दीड वर्षाहून अधिक काळ फिरत राहिला.

त्या दीड वर्षात एकच गोष्ट बरी घडली. नायगावच्या चाळीतल्या काही कुटुंबांनी धम्मदीक्षा घेतली होती. वंदना त्यांना पाठ करायची होती आणि शिकवणारं कोणी नव्हतं. परळला ब्रह्मदेशची एक बाई आहे, ती जन्माची बौद्ध आहे, असं त्यांच्या कानावर गेलं. ते यमुनाबाईंकडे आले. मा सेनला लहानपणापासून सगळं तोंडपाठ. तिचे उच्चार वेगळे होते, त्यांचे वेगळे, पण शब्द तेच. मी एका रविवारी ते बघितलं. चाळीच्या पटांगणात सतरंजीवर शे-सव्वाशे माणसं हात जोडून बसलेली, आणि पुढे ही लहानशी बाई. म्हातारे पुरुष तिला "ताई, परत सांगा" म्हणत होते. परतताना ती रस्त्यात एकदम थांबली आणि यमुनाबाईंना म्हणाली, "बाई, त्यांनी मला खुर्ची दिली." त्या घरांनी तिला ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती. ती गेली नाही. मुलगी ज्या घरात, तिथंच ती मोरीपाशी निजणार.

मग वरून विचारणा आली, लग्नाचा किंवा अपत्याचा काही पुरावा आहे का? आमच्या साहेबांनी फुकट सल्ला दिला. मुलगी इथल्या प्रसूतिगृहात जन्मली ना, मग जन्माची नोंद आणा. बापाचं नाव आणि आईचं नाव एका कागदावर आलं की झालं. मी आनंदानं लालबागला धावले. यमुनाबाई तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं तसा त्यांचा हात सुपात थांबला.

"त्या नोंदीत आईचं नाव तिचं नाय गो," त्या म्हणाल्या. "थोरलीचं आहे. मीच घातलंय."

मुलगी जन्मली त्या दिवशी नवरा येऊन त्यांच्या पाया पडला होता. ब्रह्मी बाईची पोर म्हटली तर जातीत घेणार नाहीत, उद्या लग्न होणार नाही. थोरलीचं नाव आई म्हणून लिहा, पोरीचं कल्याण होईल, आणि मा सेन तर घरात राहणारच आहे. यमुनाबाईंना ते पटलं. बाप परागंदा झाला म्हणून आईनं पोर उकिरड्यावर टाकलेली त्यांनी पाहिली होती. इथं एक माणूस पोरीला नाव द्यायला तयार होता. त्यांनी फॉर्म भरून सही केली. "मा सेनला विचारलं नाही?" मी म्हटलं. "ताप होता तिका. मराठी कळत नव्हतं." मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू? विचारावं असं मनातच आलं नाही. मी तिच्यावर उपकार करत होते ना."

मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची. खरं सांगितलं की सगळं सुटतं, यावर माझा विश्वास होता. मी म्हटलं, "तुम्ही प्रतिज्ञापत्र करा. त्या दिवशी काय झालं ते सगळं लिहू. तुमच्या हातावर मूल जन्मलं, तुमच्याहून मोठा साक्षीदार कोण?" नोकरीचं काय होईल हे मला सुचलं नाही. त्यांना सुचलं असणार. त्या फक्त म्हणाल्या, "आधी वाचून दाखव." मी टाईप केलं, मराठीत वाचून दाखवलं, त्यांनी सही केली.

सुनावणीला आम्ही पाच जण होतो. अधिकारी भला माणूस होता, घाई करत नव्हता. नवरा स्वच्छ कपड्यांत आला होता, बरोबर मुलगी. पंधरा वर्षांची, दोन वेण्या, नजर जमिनीवर. अधिकाऱ्यानं प्रतिज्ञापत्र वाचलं आणि मा सेनकडे बोट करून मुलीला विचारलं, "बाळ, ही बाई तुझी कोण?" मुलीनं बापाकडे पाहिलं. "आमच्याकडे कामाला आहे." तिचा आवाज अगदी बारीक होता. अधिकारी मग मा सेनकडे वळला. "तुम्ही सांगा. ही मुलगी तुमची आहे?"

मा सेननं मुलीकडे पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग ती तिला शिकवलेल्या मराठीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "नाही साहेब. मोठ्या बाईंची पोर. मी कामाला."

"खोटं बोलते ती!" यमुनाबाई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, माझ्या ह्या हातांवर झाली पोर! नाळ मी कापली!"

"बसा, बाई," अधिकारी म्हणाला. "तेव्हा ते लिहून देणाऱ्या तुम्हीच, आज ते खोटं म्हणणाऱ्याही तुम्हीच. मी कुठल्या यमुनाबाईंवर विश्वास ठेवू?"

बाहेर फुटपाथवर यमुनाबाईंनी मा सेनचे दोन्ही खांदे धरले. "का गो? का असं केलंस?" मा सेन रडत नव्हती. "तिचा लगीन ठरतो बाई. पावण्यांना कळला तर मोडेल. माझी पोर म्हटली तर कोण नेणार?" यमुनाबाईंचे हात खाली आले. प्रसूतिगृहात जन्मलेल्या पोरीसाठी त्यांनी जे कारण ऐकून खोटी सही केली होती, तेच कारण त्या बाईच्या तोंडून त्यांना ऐकायला मिळालं.

देश सोडायचा हुकूम महिन्याभरात निघाला. त्याआधीच प्रसूतिगृहानं यमुनाबाईंना बोलावून घेतलं. जन्माची खोटी नोंद केल्याचं तुम्ही स्वतः लिहून दिलंय, तुम्हाला ठेवता येणार नाही, असं अगदी सभ्यपणे सांगितलं. निवृत्तीला तीन वर्षं होती. मी त्यांच्यापुढे जाऊन रडले. मी म्हटलं, हे माझ्यामुळे झालं. त्या म्हणाल्या, "गप. सही माझी होती. दोन्ही वेळेला." पण त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी "गो" म्हटलं नाही, नुसतं नावानं हाक मारत. कदाचित मलाच तसं वाटत असेल...

मा सेन बोरीबंदरहून कलकत्ता मेलनं गेली. बरोबर एक हवालदार. कलकत्त्याहून पुढे बोट. तिनं जुन्या लुगड्यातून तिच्याकडच्या पद्धतीची लुंगी शिवली होती आणि ती नेसून आली होती. मी तिला त्या वेषात पहिल्यांदाच पाहिलं. क्षणभर ओळखलं नाही. तिचं गाव युद्धात जळालेलं, आई-बापांचा पत्ता नाही. ती कुठं जाणार होती हे तिला ठाऊक नव्हतं, आम्हाला नव्हतं, आणि त्या हवालदारालाही नव्हतं. तो बिचारा तिच्यासाठी केळी घेऊन आला. गाडी हलायच्या आधी ती खिडकीतून वाकली. मला वाटलं, काही मोठं बोलेल. ती यमुनाबाईंना म्हणाली, "पोरीला उडदाची डाळ सोसत नाही. अंगावर उठतं. मोठ्या बाईंना सांग."

यमुनाबाई दुसऱ्याच दिवशी मला घेऊन थोरलीकडे गेल्या. नवरा घरी नव्हता. थोरली दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. यमुनाबाईंनी निरोप सांगितला. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पोरीचं सगळं तीच करायची." मग ती जे बोलली त्याला मी तयार नव्हते. "ती गेल्यापासून पोर धड जेवत नाही. मी काय सांगू तिला? तुम्ही माझं नाव लिहिलंत त्या दिवशी. मला विचारलं होतं? मी मागितलं होतं?" तिनं दार लावून घेतलं. यमुनाबाई त्या बंद दारासमोर किती वेळ उभ्या होत्या! शेवटी मी हाताला धरून त्यांना जिना उतरवला.

कलकत्त्याहून एक पोस्टकार्ड आलं. दुसऱ्या कोणीतरी हिंदीत लिहून दिलेलं, 'उद्या बोट आहे.' त्यानंतर काही नाही. यमुनाबाईंनी माझ्याकडून रंगूनच्या किती पत्त्यांवर पत्रं लिहून घेतली असतील, कचेऱ्यांना, विहारांना, भातगिरण्यांना. उत्तर आलं नाही. त्यांनी बाळंतपणं करायला घरोघर जाणं सुरू केलं. चार-चार माळे चढायच्या, पाय सुजायचे, दम लागायचा. रविवार मात्र बंद पडला नाही. एकेका बाईला घेऊन त्या महापालिकेत जायच्या आणि पोरांच्या जन्माच्या नोंदी काढून बघायच्या, की आई म्हणून कोणाचं नाव पडलंय. चुकीचं असेल तर दुरुस्तीचा अर्ज मी लिहायचे. बरेच अर्ज फेटाळले गेले. दोन वर्षं खेटे घालून सफियाला मात्र इथली नागरिक म्हणून कागद मिळाला. तिनं तो आणून यमुनाबाईंच्या पायांवर ठेवला. त्यांनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेऊन नाव बरोबर आहे का ते बघितलं, आणि परत दिला. हसल्या नाहीत.

माझी त्यांची शेवटची भेट राज्य झालं त्या आठवड्यातली. खाली रस्त्यावरून लेझमीची मिरवणूक चालली होती. त्या गॅलरीत कठड्याला टेकून बसल्या होत्या, पाय बादलीतल्या गरम पाण्यात. "झाला एकदाचा," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "बरं वाटलं ना?" "वाटला तर. त्या भायखळ्याच्या पोराच्या आईक सांगूक व्हया होता, खय आसा कोण जाणे. नावसुद्धा विचारूक नाय मिळाला." मग पाण्यात पाय हलवत, मिरवणुकीकडेच बघत म्हणाल्या, "आणि मा सेनक कोण कळवतला?" पुढच्या रविवारी आमच्याकडे पाहुणे होते, त्याच्या पुढच्या रविवारी मला कणकण होती. तिसरा रविवार यायच्या आत सफिया कचेरीत आली.

तेराव्यानंतर आठवड्यानं आमच्या गिरगावच्या दारात एक मुलगी उभी राहिली. सतरा-अठरा वर्षांची, कपाळभर कुंकू, अंगावर नवीन लग्नाचं लुगडं. मी ओळखलं नाही. तिनं आपण कोणाची मुलगी ते सांगितलं तेव्हा मी तिला आत घेऊन दार लोटलं. नवरा खाली नाक्यावर थांबलाय, शिंप्याकडे जायचं सांगून वर आलेय, असं ती म्हणाली. यमुनाबाई गेल्याचं तिला लालबागला आल्यावर कळलं होतं. मला तिला काय सांगावं, किती सांगावं, कळेना. मी चाचरत म्हटलं, "तुला ठाऊक आहे का, की..."

"ठाऊक आहे."

"कधी कळलं?"

"कचेरीत," ती म्हणाली. "ती नाही म्हणाली ना, तेव्हा. नाही म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं..." मी पाणी दिलं. ते तिनं घेतलं नाही, पेला नुसता धरून बसली. सासरी कोणाला माहीत नाही, कळलं तर तिथं राहता येणार नाही, असं म्हणाली. मी यमुनाबाईंवर काही लिहिणार आहे हे तिला सफियाकडून समजलं होतं. त्यासाठीच ती आली होती. मी तिला शब्द दिला, की तुझं नाव येणार नाही, वडिलांचं नाही, चाळीचंही नाही; वाटलं तर सगळंच गाळते.

"गाळू नका," ती म्हणाली. "माझं नाव नको. तिचं घाला. खरं नाव. बाबा सोडले तर आमच्याकडे ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून भीती नाही." मग तिनं विचारलं, "काय होतं ते?"

मी सांगितलं. तिनं ते हळूच म्हणून पाहिलं. "मा म्हणजे आई का, ताई?"

"नाही. त्यांच्याकडे बाईच्या नावाआधी लावतात. आपण ताई म्हणतो ना, तसं."

"मग नाव सेन."

"हो. सेन."

खालून हाक आली तशी ती उठली. जिन्यात पोचेपर्यंत तिचे ओठ हलत होते.

तिच्या आईचं नाव मा सेन. हे मुलीच्या सांगण्यावरून लिहिलं आहे.